सेल्मा लागरलॉफची पुस्तकं मागवण्याआधी

"तुम्ही पाठवलेल्या नील्सची शेवटची पानं फाटलीत." ही तक्रार आमच्याकडे दर वर्षी येतेच. पानं शाबूत असतात, कादंबरीच अर्धी गेलेली असते.

स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफ यांचं मूळ पुस्तक, नील्स नावाच्या पोराची गोष्ट, १९०६ आणि १९०७ मध्ये दोन भागांत आलं. इंग्रजी अनुवादही दोन पुस्तकांत निघाला, पण वेगळ्या नावांनी: 'द वंडरफुल ॲडव्हेंचर्स ऑफ नील्स' आणि 'द फर्दर ॲडव्हेंचर्स ऑफ नील्स'. पहिलं नाव वाचून पुढे आणखी काही आहे अशी शंकाही येत नाही. मग अंगठ्याएवढा झालेला पोरगा हंसाच्या पाठीवर अधांतरीच राहतो, जिथे पोहोचायचं ते उत्तरेचं लॅपलँड अजून लांब असतं आणि फोन आम्हाला येतो. त्यांच्या 'जेरुसलेम' कादंबरीचंही तेच. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातले शेतकरी घरदार विकून निघतात तिथे पहिला भाग संपतो. पुढचा 'द होली सिटी' या नावाने शोधावा लागतो.

म्हणून ऑर्डर घेताना आम्ही "दोन्ही हवेत ना?" असं विचारतो. काहींना वाटतं, दुकानदार गळ्यात मारतोय. तसं नाही. जुन्या बाजारात एकटा दुसरा भाग मिळता मिळत नाही, त्यामुळे आम्ही जोड फोडत नाही. सुतळीने बांधलेला जोड एकाच टपालखर्चात जातो. मागितलात तर दोन्हींच्या शीर्षकपानांचे फोटो आधी पाठवू.

मुलांसाठी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: "यात भूगोल फार आहे" म्हणून पुस्तक परत घेतलं जाणार नाही. ते भूगोलासाठीच लिहिलंय. लागरलॉफ बाई स्वीडनमधल्या लांड्सक्रूना गावी दहा वर्षं मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. शिक्षकांच्या संघटनेने त्यांच्याकडून शाळेसाठी हे वाचनपुस्तक लिहून घेतलं. वरून पाहताना नील्सला स्वीडनचा स्कोन प्रांत चौकडीच्या कापडासारखा दिसतो. ते एक पान वाचून दाखवा, मग पोर नकाशा स्वतःच मागेल.

मोठ्यांनी सुरुवात 'यस्ता बेर्लिंग'पासून करावी, असं आमचं मत. १८९१ ची ही पहिलीच कादंबरी थोडी पसरट आहे, पण स्वीडनच्या वेर्मलांड प्रांतातली सगळी वेडी माणसं तिच्यात आहेत. १९०९ मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे याच लागरलॉफ बाई. त्या पैशांतून बाईंनी मोरबाकाची, म्हणजे हातची गेलेल्या वडिलोपार्जित घराची, जमीन सोडवली.

गल्ल्याच्या काचेखाली २० क्रोनाची जुनी स्वीडिश नोट आहे, एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला हंसावरचा नील्स. बघायला जरूर या. नोट विकायची नाही.