झाकूमा नॅशनल पार्कची सफारी (चाड)

झाकूमा हे मध्य आफ्रिकेतल्या चाड देशाच्या आग्नेय कोपऱ्यातलं, सालामात भागातलं नॅशनल पार्क, 1963 साली झालेलं, साधारण 3,000 चौरस किमी. आपल्याकडे आफ्रिकन सफारी म्हटलं की मसाई मारा नाहीतर सेरेंगेटी, पण तिथे एका सिंहाला दहा-बारा गाड्या घेरून उभ्या असतात आणि झाकूमात दिवसभर फिरून दुसरी गाडी दिसली नाही तरी कुणाला नवल वाटत नाही.

राजधानी एन्जामेनापासून रस्त्याने अंदाजे 800 किमी, म्हणून बाहेरचे पर्यटक बहुतेक छोट्या चार्टर विमानानेच येतात. जायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान. जूनपासून पाऊस, आणि माती आपल्या मराठवाडा-विदर्भासारखी काळी चिकण, एकदा भिजली की गाडी रुतलीच समजा, त्यामुळे पावसाळ्यात सफारी बंद. मार्च-एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर जातो पण पाणी आटून उरलेल्या डबक्यांवर सगळे प्राणी जमतात, म्हणून उन्हाचा त्रास सोसायची तयारी असेल तर खरं बघायला तेव्हाच मिळतं. म्हशींचे मोठमोठे कळप, सिंह, मुकुटवाले क्रौंच, आणि कोर्दोफान जिराफ, जिराफांचा एक दुर्मिळ प्रकार, जे जगात उरलेत त्यातले निम्म्याच्या आसपास इथेच आहेत. संध्याकाळी रिगेकच्या पाणथळीवर लाल चोचीच्या क्वेलिया पक्ष्यांचे थवे उतरतात, चिमणीएवढाच पक्षी पण लाखोंनी, आणि सगळे एकदम वळले की पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो.

पण झाकूमा म्हणजे मुळात हत्ती. 2002 मध्ये इथे 4,000 च्या वर हत्ती होते, 2010 पर्यंत जेमतेम 450 उरले, बाकी हस्तिदंतासाठी मारले गेले, मारेकरी घोड्यांवरून टोळ्यांनी यायचे. वाचलेले हत्ती एकच घट्ट कळप करून राहायला लागले आणि कित्येक वर्षं पिल्लंच जवळजवळ जन्मली नाहीत, इतकी भीती बसली होती. 2010 ला चाड सरकारने आफ्रिकन पार्क्स या संस्थेबरोबर पार्क चालवायचा करार केला. मग हत्तींना जीपीएस कॉलर, रेंजर्सना रेडिओ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भर पावसातही गस्त, कारण पावसात हत्ती पार्कच्या बाहेर जातात आणि शिकार तिथेच व्हायची. याची किंमतही मोठी होती, सप्टेंबर 2012 मध्ये पार्कबाहेरच्या हेबान इथे पहाटेच्या नमाजाच्या वेळी शिकाऱ्यांनी सहा रेंजर्सना गोळ्या घालून मारलं. इथे हत्ती बघायला जाणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. 2018 च्या गणतीत हत्ती 559 भरले, त्यात तीन वर्षांच्या आतली पिल्लं शंभरावर.

गेंड्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सहा काळे गेंडे आणले, वर्ष संपायच्या आत चार मेले, नवीन चाऱ्याशी त्यांना जुळवून घेता आलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये आणखी पाच आणले.

राहायला तिंगा नावाचा साधा कॅम्प आहे, आणि भारी बजेट असेल तर कॅम्प नोमाद, मोजक्याच तंबूंचा. रात्रीची सफारी चुकवू नका, सर्व्हल (लांब पायांचं ठिपकेदार रानमांजर) आणि सिव्हेट (उदमांजराच्या जातीतला प्राणी) तेव्हाच जास्त दिसतात. येण्याआधी पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या. इथे फ्रेंच आणि अरबी चालते, इंग्रजी कमीच.