मोठ्या टायरात हवा किती?

थारला किंवा जीपला मोठे टायर चढवले, की पंपावर बरेच जण दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा सांगतात. काही जण टायरवर छापलेला सांगतात, ते तर आणखी वाईट. स्टिकरवरचा आकडा कंपनीने दिलेल्या मूळ टायरचा असतो आणि टायरवरचा बहुधा त्याची कमाल मर्यादा.

गाडीचं वजन मुख्यतः आतली हवा पेलते. 2000 किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण 500 किलो येतात. 35 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो, म्हणून टायर जेमतेम 200 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो. दाब निम्मा केला, की हे क्षेत्र जवळपास दुप्पट होतं. ते रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतं आणि वाळूत गाडी तरते ती त्यामुळेच.

मोठ्या टायरात हवा जास्त मावते, त्यामुळे तेच वजन तो कमी दाबावर पेलतो. दाब जुनाच ठेवला तर टायर टणक होतो, मधोमध फुगून तिथेच झिजतो आणि गाडी दणके देते. मात्र ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या) शिक्क्याच्या जाड टायरांना त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा तेवढ्याच वजनासाठी जास्त हवा लागते. टायर उत्पादकाच्या वजन-दाबाच्या तक्त्यात आपल्या चाकावर येणाऱ्या वजनापुढे जो दाब असेल, त्याखाली डांबरी रस्त्यावर जाऊच नये.

त्याच्या वरचा नेमका आकडा खडू सांगतो. टायरवर आडव्या जाड रेघा ओढायच्या आणि सपाट रस्त्यावर थोडं सरळ जायचं. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडांचाच गेला तर कमी. हवा मोजायची ती टायर थंड असताना. तापमान 5-6 अंशांनी वाढलं, की साधारण 1 पीएसआय वाढतो.

आइसलँडच्या हिमनद्यांवर 38 इंची टायर 3-4 पीएसआयवरही चालवतात. आपण ते करू नये. साध्या रिमवर 15 च्या खाली गेलं, की वळणावर टायरची कड रिमवरून निसटू शकते. वाळूतून बाहेर पडल्यावर हायवेला लागण्याआधीच हवा पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडून तापतो आणि फुटतो. छोटा कंप्रेसर गाडीत नसेल, तर हवा सोडूच नका.