पार्श्वभूमी : सरन्यायाधीश कोर्सा आणि घटनेतली ती फट

१ सप्टेंबर २०२५ रोजी घानाचे राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांनी सरन्यायाधीश गर्ट्रूड टोर्कोर्नू यांना पदावरून दूर केले. १९९२च्या राज्यघटनेतील कलम १४६ प्रमाणे आधी चौकशी समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून आदेश निघाला. या कारवाईवर घानात बराच वाद झाला. पण ६२ वर्षांपूर्वी तेव्हाचे सरन्यायाधीश सर कोबिना आर्कू कोर्सा यांना घरी पाठवताना अशी कुठलीही पायरी चढावी लागली नव्हती.

कोर्सा यांचा जन्म १८९४चा, किनाऱ्यावरच्या साल्टपाँड गावातला. सिएरा लिओनमधील फुरा बे कॉलेज, मग लंडनला कायद्याचे शिक्षण. परतून वकिली केली आणि केप कोस्टचे प्रतिनिधी म्हणून विधिमंडळात बसले. १९४२ साली गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळावर पहिल्यांदाच दोन आफ्रिकी सदस्य नेमले गेले, त्यातले एक कोर्सा. १९४५ मध्ये न्यायाधीश, १९५६ मध्ये सरन्यायाधीश. पुढच्याच वर्षी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत स्वतंत्र होऊन घाना झाला.

१९५८ साली क्वामे एन्क्रुमा (तेव्हा पंतप्रधान, १९६० पासून राष्ट्राध्यक्ष) यांच्या सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. खटला न चालवता माणसाला पाच वर्षांपर्यंत कोंडून ठेवण्याची त्यात सोय होती. बाफूर ओसेई आकोटो आणि इतर स्थानबद्धांच्या वतीने वकील आणि विरोधी नेते जे. बी. डान्क्वा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पद स्वीकारताना राष्ट्राध्यक्ष नागरिकांच्या स्वातंत्र्याची ग्वाही देतात, त्या ग्वाहीवर त्यांची भिस्त होती. १९६१ साली कोर्सा यांच्या पीठाने ती अमान्य केली. ती ग्वाही ब्रिटिश राजाच्या राज्याभिषेकाच्या शपथेसारखी, नैतिक बंधन घालणारी आहे; तिच्या आधारे कायदा रद्द होत नाही, असे त्यांनी ठरवले. माझ्या मते कोर्सा यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक. डान्क्वा १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले.

१ ऑगस्ट १९६२. शेजारच्या अप्पर व्होल्टाहून (आजचा बुर्किना फासो) परतताना एन्क्रुमा कुलुंगुगु गावात थांबले. शाळकरी मूल पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले आणि बॉम्ब फुटला. एन्क्रुमा जखमी झाले, पण वाचले. संशय मंत्रिमंडळावरच आला. माहितीमंत्री तावीया आडामाफियो, परराष्ट्रमंत्री आको आजेई आणि पक्षाचे कार्यकारी सचिव कोफी-क्रॅब यांना अटक झाली. यातल्या आको आजेईंनीच १९४७ मध्ये लंडनमध्ये असलेल्या एन्क्रुमांचे नाव मायदेशातल्या नेत्यांना पक्षाच्या सरचिटणीसपदासाठी सुचवले होते.

खटला विशेष न्यायालयापुढे चालला. पीठावर कोर्सा, व्हॅन लार आणि एडवर्ड आकुफो-आडो. या न्यायालयाच्या निकालावर अपील नाही, ही तरतूद सरकारचीच. ९ डिसेंबर १९६३ रोजी निकाल लागला : इतर दोन आरोपी दोषी, पण आडामाफियो, आजेई आणि कोफी-क्रॅब या तिघांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, म्हणून ते निर्दोष. राष्ट्राध्यक्षांना काय हवे होते हे पीठाला ठाऊक नसणे शक्यच नव्हते.

दोनच दिवसांत, ११ डिसेंबरला, कोर्सा यांचे सरन्यायाधीशपद गेले. १९६०च्या घटनेत साध्या न्यायाधीशाला काढायला संसदेचे दोन तृतीयांश बहुमत लागत होते. सरन्यायाधीशपदाची नेमणूक मात्र राष्ट्राध्यक्षांना केव्हाही मागे घेता येत होती. एवढी फट पुरली. त्याच महिन्यात संसदेने कायदा करून निकाल रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला आणि त्यांनी तो वापरला. व्हॅन लार यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९६४च्या सार्वमताने इतर न्यायाधीशांनाही काढण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना मिळाली, आणि आकुफो-आडो यांचेही पद गेले. तिघा आरोपींवर नव्या सरन्यायाधीशांपुढे पुन्हा खटला चालला. या वेळी फाशीची शिक्षा झाली, ती नंतर वीस वर्षांच्या कैदेवर आली.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. आको आजेई सुटले. हे सारे पाहायला कोर्सा हयात होते. जानेवारी १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या शेजारी पीठावर बसलेले आकुफो-आडो तोवर सरन्यायाधीश झाले होते, आणि नव्या घटनेचे प्रस्ताव तयार करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.