स्नोमोबिल, पर्वतीय : किफायतशीर कार्यसुधारणा

पुढे दोन स्की आणि मागे दातेरी रबरी ट्रॅक (सतत फिरणारा पट्टा) असलेले, उंचावरील खोल व भुसभुशीत बर्फात चढ चढण्यासाठी बनविलेले वाहन म्हणजे पर्वतीय स्नोमोबिल. त्यात कोणती सुधारणा खर्चाच्या मानाने अधिक उपयोगी पडते, याचा विचार येथे केला आहे.

या वाहनाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलियासन यांनी १९२४ च्या सुमारास इंजिन बसविलेली घसरगाडी तयार केली आणि १९२७ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळविले. काहीजण हेच पहिले स्नोमोबिल मानतात. दुसरा पक्ष कॅनडातील क्वेबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांना श्रेय देतो. मात्र त्यांची १९३० च्या दशकातील ट्रॅकची वाहने अनेक प्रवासी नेणारी, बंदिस्त आणि अवजड होती. रबरी ट्रॅकची कल्पना तर त्याहून जुनी असून पहिल्या महायुद्धापूर्वी रशियाच्या झारच्या मोटारींसाठी अडॉल्फ केग्रेस यांनी ती वापरली होती. आजच्या हलक्या वाहनाची वंशावळ पाहता १९५९ मध्ये बाजारात आलेल्या बोंबार्दिए यांच्या ‘स्की-डू’पासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लांब ट्रॅकचा पर्वतीय प्रकार बराच नंतर, साधारणतः १९९० च्या दशकात, स्वतंत्रपणे रूढ झाला असावा.

सुधारणेच्या विचाराचे मूळ विरळ हवेत आहे. दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची शक्ती ढोबळमानाने ३ टक्के घटते. समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्ती देणारे ८५० घन सेंमी.चे टू-स्ट्रोक इंजिन ३,००० मीटरवर सुमारे ११५ अश्वशक्तीवर येते. फ्युएल इंजेक्शनमुळे हवा-इंधनाचे प्रमाण आपोआप जुळते, पण गेलेली शक्ती परत येत नाही. म्हणून उरलेली शक्ती ट्रॅकपर्यंत पूर्ण पोचविणे, हाच स्वस्त सुधारणेचा गाभा ठरतो.

ते काम क्लचचे आहे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजमध्ये गिअरलेस स्कूटर घाटात चढत नाही म्हणून आली, तर जाणता मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी व्हेरिएटर (आपोआप गिअर बदलणारा बेल्ट-क्लच) उघडतो आणि चपटे घट्टे पडलेले रोलर तळहातावर घेऊन दाखवतो. स्नोमोबिलचे तत्त्व तेच. रोलरच्या जागी फ्लायवेट, म्हणजे फिरताना बाहेर झुकणारी छोटी वजने, असतात. इंजिन फिरू लागले की फ्लायवेट बाहेर फेकले जातात, प्रायमरी (इंजिनाकडील) क्लचची चाके एकमेकांकडे दाबली जातात, बेल्ट वर सरकतो आणि गिअर वरचा, म्हणजे अधिक वेगाचा, होत जातो. सेकंडरी (ट्रॅककडील) क्लचमधील हेलिक्स (तिरकी खाच) आणि स्प्रिंग चढाचा भार ओळखून बेल्टला पुन्हा खालच्या गिअरकडे आणतात. उंचीवर अशक्त झालेल्या इंजिनाला सखल भागासाठी बसविलेले फ्लायवेट जड पडतात. पूर्ण थ्रॉटलला चढावर फेऱ्या उत्पादकाने सांगितलेल्या अंकापर्यंत, म्हणजे बहुधा मिनिटाला ८,००० च्या आसपास, पोचत नसतील तर फ्लायवेटचे वजन कमी करावे. फेऱ्या त्या अंकापुढे धावत असतील तर वाढवावे. एका वेळी एकच बदल करून त्याच चढावर पुन्हा पाहणे आवश्यक आहे. त्याआधी बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजावी, क्लचच्या चाकांचे पृष्ठभाग स्वच्छ करावेत आणि एक्झॉस्टमधील पॉवर व्हॉल्व्हवरची (फेऱ्यांनुसार एक्झॉस्टचे तोंड लहान-मोठे करणाऱ्या झडपेवरची) काजळी काढावी; झिजलेल्या बेल्टवर केलेली कोणतीही जुळणी फसवी ठरते.

चेनकेसमधील (क्लचपासून ट्रॅकपर्यंत शक्ती नेणाऱ्या साखळीच्या पेटीतील) वरचे स्प्रॉकेट (दातेरी चाक) एक-दोन दात्यांनी लहान करणे, हा दुसरा स्वस्त उपाय होय. त्याने कमाल वेग थोडा जातो, चढावरचा जोर वाढतो. खोल बर्फात सर्वाधिक फरक ट्रॅकमुळे पडतो, पण तो महाग आहे. जुना झिजला असेल तेव्हाच बदलणे परवडते. १५४ ते १६५ इंच लांबीचे आणि अडीच ते तीन इंची दात्यांचे ट्रॅक प्रचलित आहेत. उंच दाते फिरविण्यास शक्तीही अधिक लागते. कडक बर्फावर तुषार कमी उडाल्याने त्या तुषारांनी थंड होणारे इंजिनाचे हीट एक्स्चेंजर तापतात, तेव्हा बर्फ खरवडणारे स्क्रॅचर अल्प किमतीत उपयोगी पडतात.

वजनाविषयी अतिशयोक्ती फार आढळते. स्वार आणि इंधन धरून ३०० किलोंच्या भारातून हलक्या सायलेन्सरने ५ किलो कमी झाले, तरी घट दोन टक्क्यांहूनही कमी राहते आणि आवाज वाढतो. वजन घटविण्यासाठी त्यातल्या त्यात हलकी लिथियम बॅटरी बरी.

इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर हा उंचीवरील शक्तिनाशाचा खरा उपाय आहे. २०२० च्या मॉडेलमध्ये स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो बसविलेले टू-स्ट्रोक इंजिन दिले आणि १६५ अश्वशक्ती सुमारे २,४०० मीटरपर्यंत टिकविली. परंतु बाहेरून टर्बो बसविल्यास इंधनपुरवठा, क्लच आणि थंड करण्याची व्यवस्था नव्याने जुळवावी लागते. मिश्रण पातळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, तर पिस्टन जाम होतो. त्यामुळे किफायतशीर सुधारणांत त्याची गणना करता येत नाही.

भारतात स्नोमोबिल मुख्यतः गुलमर्गसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या फेरीसाठी दिसते. सुमारे २,६५० मीटर उंचीवर तेथेही इंजिनाची जवळपास चतुर्थांश शक्ती हरपलेली असते.