सांधे भरणं आणि वॉटरप्रूफिंग: खालच्या घराचं छत ओलं झालं की कशाला हात घालावा?

खालच्या मजल्यावरच्या काकू दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या बाथरूमच्या छताला पुन्हा ओल आलीय." पुन्हा, कारण दोनच महिन्यांपूर्वी आम्ही मिस्त्री बोलावून फरशीचे सगळे सांधे इपॉक्सीने भरून घेतले होते. मिस्त्रीने सांगितलं होतं, "वॉटरप्रूफिंग होऊन जाईल." बाथरूम छान दिसत होतं, काळे पडलेले सांधे स्वच्छ झाले होते, आणि काकूंच्या छताचे पोपडे पडतच होते.

सांधे भरणं, म्हणजे ज्याला आपण ग्राउटिंग म्हणतो ते, आणि वॉटरप्रूफिंग ही दोन वेगळी कामं आहेत. एक फरशीच्या वर होतं, दुसरं फरशीच्या खाली. हातात पैसे मोजके असतील तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण चुकीच्या कामावर घातलेला पैसा परत येत नाही.

दोन टाइल्समधल्या फटीत जे भरतात ते ग्राउट. जुन्या बाथरूममध्ये तिथे व्हाइट सिमेंट असतं. सिमेंट सच्छिद्र, त्यामुळे ते पाणी पितं, साबणाचा मळ धरतं आणि काळं पडतं. त्यात आपल्याकडे बाथरूम घासायला ॲसिड वापरायची सवय. टाइलला ते फारसं काही करत नाही, पण सांध्यातलं सिमेंट मात्र खाऊन टाकतं. दर पंधरा दिवसांनी ॲसिड पडणारी फरशी चारपाच वर्षांत सांध्यांत पोकळ होते, हे मी दोन घरांत पाहिलंय. इपॉक्सी ग्राउट रेझिन आणि हार्डनर ही दोन रसायनं मिसळून बनतं. ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि डागही धरत नाही. महाग असलं तरी लहान बाथरूमला झेपतं.

4 बाय 7 फुटांची फरशी घ्या, फूटभर मापाच्या टाइल्सची. आतले सांधे 45 फूट आणि भिंतीलगतची कड 22 फूट. एवढंच काम. पण जुना सांधा ब्लेडने दोनतीन मिलिमीटर तरी खरवडून, पूर्ण सुकवून मग भरायला हवा. वरून नुसतं फासलेलं इपॉक्सी पापुद्र्यासारखं निघून येतं. आणि भिंत व फरशी जिथे मिळतात त्या कडेला इपॉक्सीपेक्षा सिलिकॉन सीलंट बरं. तिथे थोडी हालचाल होत राहते आणि कडक सांधा तडकतो.

हे सगळं नीट केलं तरी ते वॉटरप्रूफिंग होत नाही. केसाएवढी चीर पडली, एखादी टाइल पोकळ झाली, की पाणी खाली उतरतं. ते अडवणारा थर टाइलच्या खालीच असावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खोल टाकलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप जातात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी बसते. वॉटरप्रूफिंगचा एक थर तळाशी स्लॅबवर असतो, दुसरा कोब्यावर, टाइलच्या आधी. हे थर म्हातारे झाले की कोबा स्पंजासारखा भिजून राहतो. म्हणून तर गळती दुरुस्त झाल्यावरही खालचं छत लगेच सुकत नाही. साठलेलं पाणी कित्येक आठवडे झिरपत राहतं. काकूंना हे आधीच सांगून ठेवावं.

आता आपल्या घरात नेमकं काय बिघडलंय? फोडाफोडीआधी तीन गोष्टी बघा, फुकट आहेत. दोनतीन दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ करू नका, पण पाण्याची लाइन चालू ठेवा. थेंब जराही कमी न होता पडत राहिले तर संशय भिंतीतल्या पाइपवर. जुन्या इमारतींत ते लोखंडी असतात, गंजतात. हे प्लंबरचं काम, इथे ग्राउट आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही निरुपयोगी. मग सरळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात, चारपाच बादल्या ओता, फरशी भिजू न देता. त्यानेच गळलं तर ट्रॅप किंवा त्याचा जोड फुटलाय. माझ्या अनुभवात निम्म्या कहाण्या इथेच संपतात. शेवटी खालच्यांना सांगून ट्रॅपचं तोंड कापडाने घट्ट बंद करा आणि फरशीवर इंचभर पाणी दिवसभर साठवा. तेव्हा गळलं तर फरशीखालचा थर गेलाय. ओल फक्त पावसाळ्यातच येत असेल तर आधी बाहेरची भिंत बघा.

खाली काहीच गळत नसेल, फक्त सांधे काळे आणि फरशी कळकट असेल, तर सांधे भरून घ्या आणि थांबा. फोडाफोडीची गरज नाही. पण गळती फरशीतून असेल तर उरलेला सगळा पैसा फरशीखाली घाला, असं माझं ठाम मत आहे. भिंतीच्या टाइल्स तशाच राहू द्या. फरशी आणि भिंतीची फक्त सर्वात खालची ओळ फोडा. नवी टाइल साधी घ्या, थर मात्र चांगला घ्या. जुन्या टाइलवर नवी टाइल बसवायचा मोह टाळा: उंची वाढते, दार घासतं, पाणी उंबऱ्याबाहेर येतं आणि खालची गळती तशीच.

फोडल्यावर ट्रॅप नवा बसवा, जुना कितीही धडधाकट वाटला तरी. कोबा पाण्याने भरलेला निघाला तर तो काढावाच लागतो, तिथे काटकसर नाही. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंट भरून गोलाई काढायची, म्हणजे थर काटकोनात तुटत नाही. मग वॉटरप्रूफिंगची सिमेंटसारखी पावडर आणि दुधासारखं पातळ पॉलिमर मिसळून ब्रशने दोन हात, पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. हा थर भिंतीवर फूटभर चढवायचा, शॉवरच्या बाजूला डोक्याएवढा. पण वरच्या टाइल्स ठेवायच्या असतील तर शॉवरकडे हे जमत नाही. तिथले सांधे इपॉक्सीने भरून घ्या, तेवढी तडजोड. टाइल बसवताना ट्रॅपकडे फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार सांगून ठेवा.

टाइल बसवण्याआधी थर पूर्ण सुकू द्या, ट्रॅप बंद करा आणि पाणी निदान 48 तास उभं ठेवा. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि तारखेसह फोटो काढा. मिस्त्री म्हणेल, "कशाला, दोन दिवस फुकट जातील." जाऊ द्या. खालच्या काकूंना रोज सकाळी छत बघायला सांगा, आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता त्यांनी "कोरडं आहे" म्हटल्यावरच द्या.