वाण की गाव? वाइनच्या लेबलवरचं मोठं नाव नेमकं कशाचं

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागात फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत सांजोव्हेसे नावाचं काळं इटालियन द्राक्ष लावलेलं आहे. त्याच नावाची लाल वाइन तिथे बनते. इटलीहून येणाऱ्या एका प्रसिद्ध लाल वाइनच्या बाटलीवर नाव असतं किआंती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुणालाही वाटेल, या अगदी वेगळ्या वाइन. प्रत्यक्षात दोन्हींतलं मुख्य द्राक्ष एकच. सांजोव्हेसे हे वाणाचं नाव, तर किआंती हा इटलीतल्या तोस्काना प्रांतातला डोंगराळ मुलूख.

गिऱ्हाईक वाइनपासून दूर राहतं त्यात चवीपेक्षा या नावांचा हात मोठा आहे. उच्चार येत नाही म्हणून मागायची लाज वाटते, आणि मागितलं तरी हाती काय येणार याचा अंदाज नसतो. मग ‘एक रेड द्या’ म्हणायचं, मिळेल ती घ्यायची, आंबट-तुरट लागली की पुन्हा त्या फळीकडे बघायचं नाही. खरं तर ही गाठ सुटायला एकच प्रश्न लागतो: हे नाव वाणाचं की गावाचं?

हा फरक आपल्याला नवा नाही. मालदांडी हे ज्वारीचं वाण, मंगळवेढा हे गाव. बाजारात ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ म्हटलं की मालदांडी वेगळं सांगावं लागत नाही, कारण ते इथे सगळ्यांना ठाऊक असतं. किआंतीच्या लेबलवर सांजोव्हेसे हा शब्द बहुधा नसतो तो याच कारणाने. तिथल्या माणसाला ते ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

गावाच्या नावामागे कायदा असतो. किआंती म्हणून विकायच्या वाइनमध्ये किमान 70 टक्के सांजोव्हेसे लागतं. किआंती क्लासिको हा त्या मुलखाचा जुना गाभा. तिथे ही अट 80 टक्के आहे आणि बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. द्राक्ष त्याच हद्दीतलं हवं, एकरी उत्पादनाला मर्यादा, बाजारात आणण्याआधी किती काळ ठेवायची याचेही नियम. हे पाळलं गेल्याची खूण म्हणजे बाटलीच्या गळ्यावरची डीओसीजी (इटलीतला वाइनचा सर्वांत वरचा दर्जा) लिहिलेली क्रमांकाची कागदी पट्टी.

वाणाचं नाव एवढं सांगत नाही, पण जे सांगतं ते सरळ सांगतं. युरोपात लेबलवर एकाच वाणाचं नाव लिहायचं तर त्या वाणाचा वाटा किमान 85 टक्के लागतो, अमेरिकेत साधारणपणे 75 टक्के. म्हणजे वाण लिहिलेल्या बाटलीतही दुसरं द्राक्ष थोडं असू शकतं. ती भेसळ नव्हे. रंग, आंबटपणा किंवा तुरटपणा जुळवण्यासाठी ते मुद्दाम घालतात.

मग चव तीच का? नाही. तोस्कानात सांजोव्हेसेची तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा थंडावत असताना होते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोडली जातात. पक्व होताना ऊन वाढत गेलं की द्राक्षातली आम्लता लवकर उतरते. म्हणून किआंती जास्त आंबट आणि घशाला कोरडी लागते, तर आपल्याकडची सांजोव्हेसे पिकल्या फळाची, मऊ. किआंती चाखून ‘अकलूजची अशी का लागत नाही’ असं विचारणं दोघींवरही अन्याय करणारं आहे.

हीच किल्ली इतर नावांना लागते. सांसेर हे फ्रान्समधलं गाव. तिथली पांढरी वाइन सोव्हिन्यों ब्लांची. व्हुव्हरेची शेनिन ब्लांची, शाब्लीची शार्दोनेची. इटलीतल्या बारोलो गावची नेब्बिओलो द्राक्षाची. स्पेनमधल्या रिओखाच्या लाल वाइनमध्ये मुख्यतः तेम्प्रानियो, आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या लाल वाइनमध्ये बहुधा कॅबर्ने सोव्हिन्यों व मर्लो यांचं मिश्रण. आपल्याकडे शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां या वाणांच्या बाटल्या सहज मिळतात. त्या आवडत असतील तर व्हुव्हरे आणि सांसेर ही नावं अनोळखी मानायचं कारण नाही. फक्त व्हुव्हरे कोरडी, म्हणजे गोडवा जवळपास नसलेली, असते तशी गोडही असते. लेबलवर ‘सेक’ असेल तर कोरडी, ‘दमी-सेक’ असेल तर गोडसर.

खरी फसगत होते ती एकच शब्द वाण आणि गाव दोन्ही असतो तेव्हा. ‘मॉन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो’ म्हणजे आब्रुत्सो प्रांतातली, मॉन्तेपुल्चानो वाणाची वाइन. ‘व्हिनो नोबिले दी मॉन्तेपुल्चानो’ म्हणजे मॉन्तेपुल्चानो या तोस्कानातल्या गावाची वाइन, आणि तिच्यात किमान 70 टक्के सांजोव्हेसे. दोन्ही लाल, दोन्ही इटालियन, नावातला मोठा शब्द एकच, द्राक्ष मात्र वेगळं. इथे लहान अक्षरांतले ‘द’ आणि ‘दी’ वाचायचे: म्हणजे ‘चा-ची-चे’. त्यांच्यानंतर येतं ते गाव किंवा प्रांत.

शिराझची गंमत उलटी. इराणमध्ये त्या नावाचं शहर आहे, म्हणून अनेकांना वाइन तिथली वाटते. पण शिराझ आणि सिराह हे एकच वाण, आणि 1990 च्या दशकातल्या डीएनए तपासणीने त्याचे दोन्ही जनक फ्रान्समधले ठरवले.

सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांतही रोज गल्लत होते. पहिलं पांढरं द्राक्ष, दुसरं काळं. कॅबर्ने सोव्हिन्यों हे सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने फ्रां यांचं अपत्य. शब्द अर्धा ऐकून बाटली काढली तर थंडगार पांढरीऐवजी दणकट लाल हाती येते. ‘ब्लां’ म्हणजे पांढरी, एवढं लक्षात ठेवावं. ‘बियांको’ म्हणजेही पांढरी. फ्रातेल्लीची पांढरी ‘सांजोव्हेसे बियांको’ काळ्या द्राक्षाचीच असते, पण रस सालीपासून लगेच वेगळा केल्याने सालीचा रंग रसात येत नाही.

दुकानात बाटली हातात आली की आधी मोठं नाव बघा. फ्रेंच लेबलवर ‘आपेलासिओं’ आणि ‘कोंत्रोले’ किंवा ‘प्रोतेजे’ या शब्दांच्या मध्ये असतं ते गावाचं किंवा मुलखाचं नाव. मोठं नाव वाणाचंही नसेल, गावाचंही नसेल, तर ते कंपनीने ठेवलेलं नाव. फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ तशी. ती सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण आहे. अशा वेळी बाटली फिरवून मागचं लेबल वाचायचं. मग गोडवा. युरोपच्या नियमात कोरडी म्हणजे साधारण लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर, 45 ग्रॅम किंवा अधिक असेल तर गोड. आपल्याकडच्या शेनिन ब्लां पुष्कळदा किंचित गोड ठेवलेल्या असतात, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला त्या सोप्या जातात. शेंगाचटणी किंवा झणझणीत रश्श्याबरोबरही त्याच बऱ्या. तुरट लाल वाइन तिखटाची आग वाढवते.

‘रिझर्व’ या शब्दाला भुलू नका. स्पेनमध्ये लाल रिओखावर ‘रेसेर्वा’ लिहायला किमान 3 वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान 1 वर्ष लाकडी पिंपात. अनेक देशांत मात्र ‘रिझर्व’ला असा ठाम नियम नाही, कंपनीला वाटलं तर छापते. मागच्या लेबलवरची ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ ही सूचनाही थंड मुलखातल्या खोलीची. लाल वाइन 16 ते 18 अंशांना ठीक लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवलीच पाहिजे, नाहीतर दारूचा झणकाच पुढे येतो आणि दोष मात्र वाइनला लागतो. पांढरी 8 ते 10 अंशांना; तिला फ्रिजमध्ये दोन-तीन तास द्या.

बनवणाऱ्यांनी आणि दुकानदारांनीही थोडं करायला हवं. महाराष्ट्रात विकायच्या बाटलीच्या मागे मराठीत चार ओळी सहज बसतात: द्राक्ष कोणतं, कुठलं, कोरडी की गोड, किती थंड करून प्यायची. शिवाय उच्चार देवनागरीत छापला की मागताना अडखळायला होणार नाही. तोवर दुकानदाराने फळीवर वाणाप्रमाणे चिठ्ठ्या लावाव्यात आणि किआंतीची बाटली सांजोव्हेसेच्या शेजारीच मांडावी.