नोबेलसाठी फ्लेमिश लेखिकेचं नाव कोण सुचवू शकतं? पात्रता, कागदपत्रं आणि मुदत

विद्यापीठाने एखाद्या लेखिकेला मानद डॉक्टरेट दिली की बातमी होते. पण साहित्याच्या प्राध्यापकाकडे याहून मोठा अधिकार असतो आणि तो फार थोड्यांना माहीत आहे: साहित्याच्या नोबेलसाठी नाव सुचवण्याचा.

फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात डच भाषेत लिहिणारी आजची एखादी कादंबरीकार डोळ्यांसमोर आणा, लीझ स्पित किंवा आनेलीस फेर्बेके यांच्यासारखी. डचमध्ये लिहिणाऱ्या एकाही लेखकाला आजवर हा पुरस्कार मिळालेला नाही. १९११ साली तो मॉरिस मेटरलिंक यांना मिळाला. ते गेंट शहरातलेच, पण लिहायचे फ्रेंचमध्ये. स्टाइन स्ट्र्यूवेल्स या फ्लेमिश कादंबरीकाराचं नाव अनेकदा गेलं, पुरस्कार मात्र आला नाही. म्हणून या भाषेसाठी ही प्रक्रिया समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं.

पात्रता

लेखिकेने स्वतः अर्ज करायचा नाही. स्वतःचं नाव सुचवलेलं ग्राह्य धरत नाहीत. प्रकाशक आणि वाचक यांनाही हा अधिकार नाही. तो आहे चौघांना: हा पुरस्कार देणाऱ्या स्वीडिश अकादमीचे आणि तिच्यासारख्याच स्वरूपाच्या इतर अकादमींचे सदस्य, विद्यापीठांतले साहित्याचे आणि भाषाविज्ञानाचे प्राध्यापक, याआधीचे साहित्यातले नोबेल विजेते, आणि आपापल्या देशाच्या साहित्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या लेखक-संघटनांचे अध्यक्ष.

म्हणजे गेंट, लुव्हेन, अँटवर्प इथले डच साहित्याचे प्राध्यापक नाव पाठवू शकतात. गेंटमध्येच १८८६ साली स्थापन झालेल्या डच भाषा-साहित्याच्या शाही अकादमीचे सदस्यही पाठवू शकतात. देशाची किंवा भाषेची अट नसल्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा विद्यापीठातल्या मराठीच्या प्राध्यापकालाही हाच अधिकार आहे, मग नाव फ्लेमिश लेखिकेचं असो की मराठी लेखिकेचं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. अधिकार व्यक्तीचा आहे, विद्यापीठाचा नाही. अधिसभेचा ठराव किंवा कुलगुरूंचं शिफारसपत्र जोडल्याने नामांकनाला वेगळी मान्यता मिळत नाही. प्राध्यापकाने आपल्या नावाने पत्र लिहावं. एकच पत्र पुरतं. रवींद्रनाथांचं नाव १९१३ साली थॉमस स्टर्ज मूर या एकट्या इंग्रज कवीने पाठवलं होतं.

काय पाठवायचं?

दरवर्षी सप्टेंबरात अकादमीची नोबेल समिती अनेकांना निमंत्रणं धाडते. निमंत्रण आलं नाही म्हणून थांबायचं कारण नाही; पात्र व्यक्ती त्याशिवायही नाव पाठवू शकते. नामांकन लेखी हवं, लेखिका हयात हवी आणि तिचं लेखन प्रकाशित झालेलं हवं. आपण कोणत्या नात्याने पात्र आहोत, म्हणजे पद, विभाग आणि संस्था, हे पत्रातच स्पष्ट लिहावं.

खरी मेहनत भाषेपाशी आहे. १९०० सालच्या मूळ नियमावलीनुसार प्रस्तावाची कारणं लेखी द्यायची आणि ज्या कागदपत्रांचा उल्लेख केला असेल ती सोबत जोडायची. प्रस्ताव स्कँडिनेव्हियन भाषा, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा लॅटिन सोडून दुसऱ्या भाषेत असेल, किंवा पुस्तकाची भाषा जाणणारा तज्ज्ञ मोठ्या खटाटोपाशिवाय मिळत नसेल, तर त्या प्रस्तावाचा पुढे विचार करायला परीक्षक बांधील नाहीत, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा पत्र इंग्रजीत लिहा आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्वीडिश अनुवादांची यादी अनुवादक, प्रकाशक आणि वर्षासह द्या. डचला युरोपात अनुवादक मिळतात. मराठी पुस्तकाच्या बाबतीत चांगला अनुवाद आधी तयार असणं मला अपरिहार्य वाटतं. कारणं देताना विशेषणं टाळा. कोणत्या कादंबरीने त्या भाषेतलं काय बदललं, ते दाखवा.

मुदत आणि पुढचा प्रवास

पत्र ३१ जानेवारीपर्यंत पोहोचलं पाहिजे. एप्रिलपर्यंत यादी १५ ते २० नावांवर येते, मेमध्ये पाचांवर. उन्हाळाभर अकादमीचे सदस्य त्या पाच जणांचं लेखन वाचतात. ऑक्टोबरात मतदान होतं, निम्म्याहून जास्त मतं लागतात. १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये समारंभ.

नामांकनं ५० वर्षं गुप्त ठेवली जातात. त्यामुळे "नोबेलसाठी नामांकित" असं कुणी लेखिकेच्या पुस्तकावर छापलं असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका, आणि तुम्ही नाव पाठवलं असेल तर तेही जाहीर करू नका. त्या वर्षी निवड झाली नाही, तर पुढच्या ३१ जानेवारीच्या आत नवं पत्र पाठवा.